कोकणात स्वतःच्या रानात पायवाट काढायचीय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमचं संगमेश्वर तालुक्यात वडिलोपार्जित रान आहे, साडेचार एकर, त्यातलं जेमतेम अर्धा एकर सपाट आणि बाकी सगळा उतार. ऐन, किंजळ, जांभूळ, कुंभा, खाली वहाळाच्या (ओढ्याच्या) कडेला थोडं बांबूचं बेट. गेल्या सात-आठ वर्षांत त्यात मिळून दीडेक किलोमीटर पायवाट काढली, त्यातली पहिली दोनशे फूट पूर्ण फुकट गेली. ओळखीतले लोक तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय.

रानात वाट काढायची तर काय एवढं, कोयता घेऊन सरळ तोडत जायचं ना?

मी पण हेच केलं होतं. घरामागून वरच्या सड्यापर्यंत (डोंगरावरच्या कातळाच्या पठारापर्यंत) सरळ रेषेत, कारण सरळ गेलं की अंतर कमी. दिवाळीनंतर केली, मे महिन्यापर्यंत काय सुंदर दिसत होती, पाहुणे फोटो काढायचे. मग मृग लागला. जुलै संपेपर्यंत त्या वाटेचा गुडघाभर खोल पऱ्ह्या (पावसाळी ओहोळ) झाला आणि त्यातली सगळी लाल माती खाली काकांच्या भाताच्या खाचरात जाऊन बसली. काका काही बोलले नाहीत, नुसते फावडं घेऊन आले आणि माझ्या अंगणात टेकवून ठेवून गेले.

आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. त्यामुळे वाटेवरून तुम्ही दिवसातनं दोनदा चालणार आणि पाणी चार महिने चालणार, हे धरूनच वाट आखायची. पाण्याला वाटेवर येऊन लगेच पलीकडे उतरून जाता आलं पाहिजे. ते वाटेच्या लांबीने धावायला लागलं की खेळ खल्लास.

मग आपल्या गावातल्या पाखाड्या (पायऱ्यांच्या वाटा) सरळ चढतात त्या कशा टिकल्या?

हा प्रश्न मला माझ्या आईने विचारला होता आणि उत्तर द्यायला मला दोन वर्षं लागली. पाखाडी सरळ चढते हे खरं, पण ती मातीची नसते. प्रत्येक पायरी जांभ्या दगडाची, घट्ट बसवलेली, बाजूला गडगा (दगड रचून केलेला बांध) आणि बहुतेक ठिकाणी गडग्याला लागून पाण्याला वेगळी वाट. पाणी पायरीवरून उडी मारत जातं, त्याला कापायला माती मिळतच नाही. शिवाय गणपतीच्या आधी अख्खी वाडी मिळून ती साफ करते, गवत काढते, हललेला दगड बसवते. तेवढा दगड आणि तेवढी माणसं असतील तर तुम्ही पण सरळ चढवा. नुसती माती असेल तर आडवं जायचं.

आडवं म्हणजे किती चढ ठेवायचा?

साधा हिशोब, दहा फूट चाललात की एक फूट चढ, सरासरी याच्यावर नको. मध्येच दगड लागला म्हणून दहा-वीस फुटांचा तुकडा जास्त चढाचा झाला तर चालतं, पण सवय लावून घेऊ नका. दुसरा नियम जास्त महत्त्वाचा आणि तो लोक विसरतात. वाटेचा चढ हा डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून कमीच पाहिजे. म्हणजे जमीनच पाच फुटाला एक फूट अशी चढत असेल तर वाट दहाला एक, त्याच्यावर नाही. कारण पाणी सगळ्यात सोपा उतार बघतं, वाट जर जवळपास डोंगराएवढीच उभी असेल तर ते आडवं उतरण्यापेक्षा वाटेनेच पळतं.

यातली गंमत म्हणजे जवळजवळ सपाट जागा सगळ्यात वाईट. नवीन माणसाला वाटतं सपाटीवर काय प्रॉब्लेम, तिथेच चिखल होतो, मग लोक चिखल टाळून बाजूने चालतात, मग बाजूला पण चिखल, आणि तीन फुटांची वाट बारा फुटांची होते. थोडा बाजूचा उतार असलेली जागाच बरी.

चढ मोजायला काही मशीन लागतं का?

नाही हो. गवंड्याकडे असते ती पाण्याची पारदर्शक नळी घ्या, सारख्या उंचीच्या दोन काठ्या घ्या, त्यावर इंचाच्या खुणा करा आणि मध्ये दहा फुटांची दोरी बांधा. नळीची टोकं दोन्ही काठ्यांना धरायची आणि पाण्याच्या पातळीतला फरक वाचायचा, बारा इंच आला म्हणजे दहाला एक. पाणलोटाच्या कामात समपातळीचे चर आखायला ए-फ्रेम वापरतात, तीन बांबू आणि ओळंबा, ती पण चालते. फोनमधलं ॲप मी वापरून बघितलं, झाडाखाली घामाच्या हाताने स्क्रीन धड दिसत नाही म्हणून सोडून दिलं.

खुणेला जुन्या साडीच्या पट्ट्या बांधा, झाडांना ऑइलपेंट फासू नका, ते दहा वर्षं जात नाही आणि तुम्ही रेषा निदान तीनदा बदलणार आहात. मी एक रेषा पाच वेळा बदलली, कारण प्रत्येक वेळी पुढे गेल्यावर कळायचं की इथे मोठा दगड आहे, तिथे कुंभ्याची मुळं आहेत.

कुठल्या महिन्यात काय करायचं?

आखणीसाठी पावसात फिरा. छत्री नको, दोन्ही हात मोकळे लागतात, रेनकोट नाहीतर इरलं घ्या आणि पाणी कुठून येतंय, कुठे साचतंय, कुठे जमिनीतून झरा फुटतोय ते बघून ठेवा, ते उन्हाळ्यात कुणाच्या बापाला कळणार नाही. खोदायचं काम दसऱ्यानंतर ते साधारण डिसेंबरपर्यंत, माती ओलसर असते, कुदळ सहज रुतते. जानेवारीनंतर जांभ्याची जमीन अशी आवळते की पहार मारली तर ठिणगी उडते आणि मजूर दुपारी निघून जातो, त्याचं काही चुकत नाही. मार्च-एप्रिलमध्ये दगडकाम, साकव (छोटा पूल) वगैरे. मे महिन्यात फक्त आंबे खा आणि पाण्याच्या वाटा मोकळ्या आहेत का बघा.

प्रत्यक्ष खोदायचं कसं?

इथे जरा नीट वाचा कारण नव्वद टक्के वाटा इथेच बिघडतात.

आधी वरचा पालापाचोळा आणि मुळांचा भुसभुशीत थर पूर्ण काढायचा, लाल घट्ट माती लागेपर्यंत. त्या पालापाचोळ्यावरून वाट केली की ती स्पंजासारखी पाणी धरते. मग वाटेची सगळी रुंदी डोंगरात कापून काढायची, तीन फूट वाट हवी असेल तर तीनही फूट मूळच्या घट्ट जमिनीवर. लोक काय करतात, दीड फूट कापतात आणि ती निघालेली माती बाहेरच्या बाजूला टाकून उरलेली दीड फूट भरून काढतात, काम निम्मं होतं, दिसायला एकदम छान, आणि पहिल्या मोठ्या पावसात ती भरलेली बाजू खाली जाते. निघालेली माती घमेल्याने उचलून खाली लांब पसरून टाका, कडेला ढीग लावून ठेवलात तर तोच बांध होऊन पाणी वाटेवर अडवतो.

मग वाटेला बाहेरच्या बाजूला किंचित कल द्यायचा, तीन फुटाला साधारण दोन इंच. चालताना कळत सुद्धा नाही पण पाण्याला कळतं. वरच्या बाजूला जी माती कापलीय ती भिंतीसारखी उभी ठेवू नका, तिरकी तासा, नाहीतर ती ढासळून वाटेवर येणार.

आणि प्रत्येक पन्नास-साठ फुटांवर वाटेत एक लांबट खळगा द्यायचा, म्हणजे चढता चढता वाट आठ-दहा फूट हलकीशी उतरते आणि परत चढते. बाहेरचा कल काही वर्षांत पायांनी दबून जातो, मध्ये घळ पडते, तेव्हा हा खळगाच पाणी बाहेर काढतो. काहीजण त्याऐवजी वाटेत आडवं लाकूड पुरतात. पुरायचंच असेल तर काटकोनात नको, तिरकं पुरा, पण आमच्याकडे लाकडाला दोन वर्षांत वाळवी लागते आणि त्याच्यामागे माती भरून तो उंबरठा होतो. मी सगळी काढून टाकली.

गती विचाराल तर आमच्याकडे दोन माणसं, कुदळ, टिकाव, फावडं, दिवसाला वीस-पंचवीस फूट. मुळं लागली तर पंधरा. अंगठ्यापेक्षा जाड मूळ तोडायचं नाही असा नियम केलाय, मोठ्या झाडापासून दोन हात लांबूनच रेषा न्यायची.

जेसीबी लावला तर एका दिवसात होईल ना?

होईल. आमच्या शेजारच्या रानात झाली. जेसीबीला जायलाच सात-आठ फूट रुंदी लागते, म्हणजे डोंगरात तेवढं कापायचं, वरची दरड डोक्याएवढी उंच आणि खालच्या अंगाला सगळी सुट्टी माती. पहिल्याच पावसात दरड आली, दुसऱ्या पावसात एक जांभळाचं झाड मुळासकट आलं. तिसऱ्या वर्षी मालकाने परत जेसीबी बोलावला, ती माती काढायला. गाडी न्यायची असेल तर रस्ता बांधा, त्याला मोऱ्या, गटार, सोलिंग सगळं करा. पायवाट हवी असेल तर कुदळ.

पेव्हर ब्लॉक नाहीतर सिमेंटच्या पायऱ्या टाकल्या तर कायमचं काम होईल?

माथेरानला लाल मातीच्या रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक घालायचे की नाही यावरून घोडेवाले आणि इतर लोक यांच्यात किती वर्षं वाद चालला ते बघा, कोर्टापर्यंत गेलं प्रकरण. रानात सावलीत सिमेंटवर शेवाळ धरतं आणि पावसात माणूस आपटतोच आपटतो. फार उभ्या तुकड्यात जांभ्याच्या पायऱ्या करा, चिरा खडबडीत असतो, पाय धरतो. पायरी सहा-सात इंचाच्या वर उंच नको आणि वरच्या चिऱ्याचं वजन खालच्या चिऱ्याच्या मागच्या कडेवर आलं पाहिजे, मग सिमेंट लागतच नाही. चिरे खाणीतून विकत आणा, स्वतःच्या जमिनीतून काढायचे झाले तरी गौण खनिजाची परवानगी लागते, ते विसरू नका.

वहाळ ओलांडायचाय, साकव घालू का पाइप?

पाइप नको. साग-ऐनाची पानं आणि काटक्या पाइपात अशा बसतात की पहिल्या रात्रीत बूच, मग पाणी वाटेवरून. छोटा पऱ्ह्या असेल तर वाट त्याच्यात उतरवा आणि पलीकडे चढवा, तळाला मोठे सपाट दगड पक्के बसवा. दोन्ही बाजूंनी उतरवायचं कारण असं की पऱ्ह्या फुगला तरी पाणी आपल्या जागेवरूनच जातं, वाटेला लागत नाही.

मोठ्या वहाळावर साकव घालायचा तर माडाचे दोन ओंडके, वर बांबूच्या कामट्या, असा आमचा आहे. बांबू दोन पावसाळ्यात बदलायचा. ओंडके एकाच काठाला साखळीने बांधलेत, दोन्हीकडे नाही. मोठा पूर आला की साकव एका बाजूला वळून काठाला लागतो आणि पाणी ओसरल्यावर परत ओढून घेता येतो. दोन्हीकडे बांधलेला असता तर त्याला झाडोरा अडकून धरण झालं असतं.

रान माझंच आहे, मग परवानगी कसली?

आधी सातबारा काढा आणि इतर हक्काचा रकाना वाचा. तिथे खासगी वन, राखीव वन नाहीतर (वन कायद्याचं) कलम ३५ असा काही उल्लेख असेल तर कुदळ बाजूला ठेवा आणि वकिलाला गाठा. महाराष्ट्रात 1975 च्या खासगी वन संपादन कायद्याने 30 ऑगस्ट 1975 पासून बऱ्याच खासगी वनजमिनी सरकारच्या झाल्या, त्याची नोंद कित्येक गावांत खूप उशिरा चढली आणि लोकांना पत्ताच नव्हता. 2014 साली सुप्रीम कोर्टाने मुंबईतल्या एका मोठ्या प्रकरणात सांगितलं की कलम ३५ ची नुसती जुनी नोटीस निघाली होती एवढ्यावर जमीन खासगी वन ठरत नाही, ती बजावलेली असायला हवी. पण तुमच्या जमिनीचं काय ते तुमच्या कागदावर.

नोंद साफ असली तरी झाडं वाटेल तशी तोडता येत नाहीत. 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, ऐन, किंजळ, खैर, जांभूळ, आंबा, फणस सगळे आहेत, म्हणजे आपलं जवळजवळ अख्खं रानच. सिंधुदुर्गात सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात तर 2013 पासून हायकोर्टाची बंदी आहे. खरं सांगू का, नीट आखलेल्या पायवाटेला झाड तोडावं लागतच नाही. मी दीड किलोमीटरमध्ये फक्त रानमोडी, घाणेरी आणि करवंदाच्या जाळ्या छाटल्या.

वाट शेजाऱ्याच्या जमिनीतून जाते, किंवा उलट, गावाची वाट माझ्या रानातून जाते?

दुसऱ्या प्रकारात अजिबात शहाणपणा करू नका. गुराख्यांची, पाणवठ्याची, देवळाची वाट तुमच्या आजोबांच्या आधीपासून असते, वीस वर्षांच्या वर बिनातक्रार वापर असेल तर 1882 च्या वहिवाटीच्या हक्कांच्या कायद्याने तो हक्कच आहे. अडवलीत तर समोरचा माणूस मामलतदार कोर्ट कायदा, 1906 खाली तहसीलदाराकडे जाऊ शकतो, सहा महिन्यांच्या आत जावं लागतं आणि लोक जातात. पहिल्या प्रकारात, जमिनीत जायला वाटच नसेल तर महसूल संहितेच्या कलम 143 खाली बांधावरून वाट मागता येते. पण ते अर्ज-बिर्ज करण्याआधी एकदा चहाला जा. आमच्या पंचेचाळीस फुटांचा प्रश्न दोन फणस आणि एका काजूच्या पिशवीत सुटला.

देवराई मध्ये येते.

वळसा घाला. गावकऱ्यांना विचारून आतल्या जुन्या वाटेने जाता येईल कदाचित, चपला काढून, पण नवीन वाट खोदायची नाही, पडलेली फांदी पण उचलायची नाही.

वर सड्यावर वाट कशी करायची, तिथे तर नुसता कातळ?

काहीच करायचं नाही. थोड्या थोड्या अंतरावर दगडांचा छोटा ढीग पुरे, तोही धुक्यात दिसावा म्हणून. पावसात त्या कातळावर इंचभर मातीत सीतेची आसवं, दवबिंदू अशी कीटक खाणारी झाडं उगवतात, लोक फोटोसाठी त्यांच्यावरच उभे राहतात. आणि रत्नागिरी-राजापूर भागात असाल तर आधी कातळ झाडूने साफ करून नीट बघा, संध्याकाळच्या तिरक्या उन्हात. उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पं अशाच सड्यांवर आहेत, 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलीयत. त्याच्यावरून चिऱ्याचा ट्रॅक्टर गेला तर परत येणार नाहीत.

साप, गोचिड्या, जळवा, काय काळजी घ्यायची?

फुरसं हा आपला खरा शेजारी, जांभ्याच्या दगडाखाली बसतं, दिसत नाही. त्यामुळे गडग्यात, दगडाखाली हात घालायचा नाही, आधी पहारेने दगड उलटायचा, गमबूट घालायचे, ते घालून घाम येतो म्हणून लोक काढतात, काढू देऊ नका. चावलंच तर आवळून बांधणं, कापणं, मांत्रिक हे काही नाही, हात-पाय कमीत कमी हलवत थेट सरकारी दवाखाना. कुठल्या दवाखान्यात सापाच्या विषावरची लस ठेवलेली असते ते काम सुरू करण्याआधीच विचारून घ्या, नंबर फोनमध्ये ठेवा.

दोडामार्ग, बांदा बाजूला असाल तर माकडतापाचं गांभीर्याने घ्या, 2016 पासून तिकडे रुग्ण सापडतायत. तो गोचिडीतून येतो, जास्त करून जानेवारी ते मे. रानात मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, आरोग्य केंद्राला कळवायचं आणि त्या भागात काम बंद. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात.

आणि खाजकुहिली. डिसेंबरनंतर शेंगा वाळल्या की वाऱ्याने कुसं उडतात. आमचा एक भाचा मुंबईहून हाफ पॅन्टमध्ये आला होता. पुढचं सांगत नाही.

दरवर्षी किती काम पडतं?

तीन वेळा. पहिल्या जोरदार पावसात फावडं घेऊन एक चक्कर, खळग्यांच्या तोंडाशी पाला अडकलेला असतो तो ओढायचा, या एका तासाने वर्षाचं निम्मं काम वाचतं. दुसरं गणपतीच्या आधी बेणणी, ग्रासकटरने दोन्ही बाजू, आणि फांद्या आठ फूट उंचीपर्यंत, कारण पावसात ओली फांदी वाकून दीड-दोन फूट खाली येते आणि तुमच्या तोंडावर बसते. रानमोडी फुलायच्या आधी मुळासकट उपटायची, नुसती कापली तर दुप्पट फुटते. तिसरं दिवाळीनंतर, गवत वाळायला लागलं की वाटेच्या दोन्ही अंगाला आठ-दहा फूट गवत कापून पाला ओढून घ्यायचा, म्हणजे तीच वाट जाळरेषा होते. आमच्याकडे उन्हाळ्यात भाजावळीची आग सुटून वणवा लागतो. दोन वर्षांपूर्वी शेजारचा डोंगर जळत आला आणि आमच्या वाटेवर येऊन थांबला, म्हणजे आम्ही सहाजण आणि पाल्याच्या फांद्यांनी झोडपलेलं गवत असं मिळून थांबला.

चुकलेली वाट बंद कशी करायची?

माझ्या त्या दोनशे फुटांचं पाच वर्षं चाललंय. नुसता काटा टाकून लोक थांबत नाहीत, सरळ शॉर्टकट दिसला की जातातच. वरचं आणि खालचं तोंड, जिथून ती दिसते तेवढं पंचवीस-तीस फूट, दगड आणि फांद्यांनी भरून टाकायचं, करवंदाची रोपं लावायची. मधल्या घळीत दर पाच-सात फुटांवर दगडांचे आडवे बांध घातलेत, त्यात गाळ बसतो. आधी तिथे रानमोडी आली, ती उपटली, मग गवत, यंदा दोन किंजळाची रोपं दिसलीयत. खालची गाळाने भरलेली जागा अजून अर्धीच मोकळी झालीय, आणि काकांचं फावडं अजून माझ्याकडेच आहे.